सोमवारी सुट्टी घेणारा चोर

चोर सोमवारी सुट्टी घेतो, ही गोष्ट सगळ्यात आधी पालवी कुमरेच्या लक्षात आली.

साल होतं दोन हजार एकाहत्तर. पालवी सातवीत होती आणि जंगलाला टेकून वसलेल्या मोहाडोंगरी गावात आपल्या आत्याकडे राहत होती. गावात शाळा नव्हती. शाळा होती शिवणपेठेला, एकतीस किलोमीटर लांब. गावची सव्वीस पोरं रोज सकाळी एका छोट्या बसमध्ये बसून तिकडे जात आणि दुपारी परत येत. बस चालवायची पालवीची आत्या, कौतिकाबाई. आवाज खणखणीत, अंग रोडकं, आणि आरशात बघून मागच्या बाकावर कोण कोणाला चिमटा काढतंय ते ओळखण्यात एकदम तरबेज.

बस गॅसवर चालायची. गावातलं शेण, सालं, उष्टं-खरकटं एका मोठ्या बंद टाकीत कुजवत. त्यातून निघालेला गॅस दाबून सिलिंडरमध्ये भरत. दवाखान्याचा आणि चुलींचा वाटा काढून बसला रोज दहा किलो गॅस मिळायचा. जाऊन-येऊन बासष्ट किलोमीटर. हिवाळ्यात एवढं अंतर कापून वर पाऊण किलो गॅस उरायचा.

होळी झाली, ऊन तापलं, आणि बस आजारी माणसासारखी वागू लागली. सोमवारी ती कशीबशी गावात पोचायची. मंगळवारी गाव किलोमीटरभर राहिलं की बंद पडायची. बुधवारी दोन किलोमीटर आधी, गुरुवारी तीन. शनिवारी तर पाच किलोमीटर आधीच रस्त्याच्या कडेला उभी. पोरं दप्तरं डोक्यावर धरून उन्हात चालत घरी. रविवारी शाळेला सुट्टी. आणि सोमवारी? सोमवारी पुन्हा बस बरोबर गावात!

तीच बस, तोच रस्ता, तीच पोरं, तीच चालवणारी. मग गॅस जातो कुठे?

"चोरतं कोणीतरी," असं गाव म्हणू लागलं. आणि बोटं वळायला लागली ती कौतिकाबाईकडे. कारण सिलिंडरला सकाळी गावच्या गॅस समितीचं सील लागायचं आणि मग दिवसभर बस तिच्याच ताब्यात असायची.

त्या वर्षी शिवणपेठेच्या शाळेत एक पाहुणा विद्यार्थी आला होता. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या एका ग्रहावरून. अशा पाहुण्यांची तोवर सवय झाली होती. त्यांच्या येण्याची बातमी आता पेपरात बाजारभावाच्या खाली यायची. हा पाहुणा पाण्याच्या पिंपाएवढा होता. अंगावर राखाडी कवच, खाली तीन रुंद पाय आणि छातीवर बांधलेला बोलका डबा. त्याच्या ग्रहावर हवा नव्हती. हवा नाही तिथे आवाजही नाही, कारण आवाजाला इकडून तिकडे जायला काहीतरी लागतं. म्हणून तिथले लोक जमिनीवर ठोकून बोलत आणि तळपायांनी ऐकत. याचं नाव म्हणजे जमिनीवरचे दोन ठोके. पोरांनी त्याला टोकटोक करून टाकलं.

शुक्रवारी टोकटोक पहिल्यांदाच मोहाडोंगरीला मुक्कामी यायला निघाला. शाळा सुटली होती. बाहेर शेहेचाळीस अंश. बस पत्र्याच्या शेडखाली उभी होती आणि पालवी पुढच्या चाकाशी उकिडवी बसून तिचं रोजचं काम करत होती. टायरच्या तोटीतली पिन नखाने दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. फुस्स्स्... मग दुसरं चाक. हे काम आत्याने खास तिलाच दिलं होतं. बाकी पोरांना हात लावू देत नसत.

टोकटोक शेजारी येऊन उभा राहिला. "हे काय बाहेर पडत आहे?"

"हवा."

"गळती लागली आहे?"

"नाही रे. मुद्दाम सोडते. उन्हात आतली हवा फुगते, मग टायर फुटतो. म्हणून रोज दुपारी दहा आकडे सोडायची आणि सोमवारी सकाळी पुन्हा भरायची. आत्याचा नियम आहे."

"आत हवा असते, हे समजले. आणि हवेच्या आत काय असते?"

"हवेच्या आत काय असणार? हवाच!"

टोकटोकचे तिन्ही पाय एकदम ताठ झाले. तो खाली वाकला, टायरवर एक पाय टेकवला, मग दुसऱ्यावर. मग त्याने वर बसकडे पाहिलं. "एवढी लोखंडी गाडी. सव्वीस मुले. त्यांची दप्तरे, डबे आणि तुझी आत्या. हे सगळे तुम्ही हवेवर ठेवले आहे?"

"हो. त्यात काय?"

"आमच्याकडे चाक म्हणजे धातूची जाळी. हवा हा शब्द आम्ही 'काहीच नाही' या अर्थाने वापरतो. तुम्ही काहीच-नाहीवर बसून रोज बासष्ट किलोमीटर जाता?" त्याच्या डब्यातून नुसती खरखर येऊ लागली. तो चार पावलं मागे सरला. "मी चालत येतो."

कौतिकाबाईने खिडकीतून डोकं काढलं. "काय म्हणून राहिला तुझा पाव्हणा?"

"घाबरला आत्या. हवेवर बसणार नाही म्हणतो."

"मग त्याले म्हणा, मागून धावत ये बाप्पा! मले उशीर करू नका."

शेवटी टोकटोक बसला. पण बाकावर नाही, खाली फरशीवर. तिन्ही पाय पसरून, डोळे मिटून. गाडी निघाल्यावर थोड्याच वेळात तो पालवीला म्हणाला, "ही गाडी विव्हळत आहे." डांबरी रस्त्याच्या घरघरीत ते कोणी मनावर घेतलं नाही.

बस चार किलोमीटर अलीकडे बंद पडली. शुक्रवारच होता ना. पोरं मुकाट्याने उतरली आणि चालू लागली. अर्ध्या वाटेत पहिलीतली हर्षा झोकांड्या खात एकदम खाली बसली, आणि बसली ती आडवीच झाली. ओठ कोरडे, डोळे वर.  टोकटोकने त्या लेकराला कवचावर घेतलं आणि तीन पायांनी असा पळत सुटला, की त्याच्या मागे धुळीची भिंत उभी राहिली. दवाखान्यात पाणी, मीठ-साखर, ओलं फडकं. तासाभराने हर्षाने डोळे उघडले आणि "माझा डबा कुठाय?" असं विचारलं, तेव्हा कुठे सगळ्यांचा श्वास मोकळा झाला.

पण गाव तापलं ते तापलंच. ट्रॅक्टरने बस ओढून आणली आणि पाच वाजता समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक बसली. गॅस समितीचे प्रमुख वामनराव घोडमारे मध्ये बसले.

"कौतिकाबाई, एकच विचारतो. गॅस गाडी पिते का तुम्ही पिता?"

कोणीतरी हसलं. कौतिकाबाई उभीच होती. "वामनभाऊ, मी बारा वर्षं झाली गाडी चालवून राहिली. माझ्या चुलीवर येऊन पाहा, लाकडंच जळतात."

"मग हा हिशेब समजवा. हिवाळ्यात गाडीचा मीटर बासष्ट किलोमीटर दाखवायचा आणि वर गॅस उरायचा. आज दहा किलो संपला आणि मीटर म्हणतो पंचावन्न. कुठं गेला? आज लेकरू वाचलं. उद्या वाचंल का? उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्या, नाही तर चावी इथं ठेवा. बस बंद."

"बंद म्हणजे?" पालवी ओरडलीच. "आम्ही शाळेत कसं जायचं?"

"ते मग पाहू."

पाहू म्हणजे काय, हे पालवीला पक्कं ठाऊक होतं. गावात दुसरं कोणी बस चालवणारं नव्हतं. ती म्हणाली, "काका, चोर असेल तर तो सोमवारी सुट्टी का घेतो? आणि मंगळवारी थोडं, बुधवारी जास्त, शनिवारी सगळ्यात जास्त, असं शाळेच्या वेळापत्रकासारखं का चोरतो?"

लोक पुन्हा हसले. वामनराव नाही हसले. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

तेवढ्यात ओट्याखालून आवाज आला. "चोर मला सापडले आहेत. मी आज तासभर त्यांच्यावरच बसून आलो. ते चार आहेत." टोकटोक बसच्या चाकाला पाय लावून उभा होता.

माणसं उठून उभी राहिली. सगळी बसभोवती जमली. टोकटोकने पालवीला चाकाभोवती चुन्याची भुकटी पसरायला लावली. चार पोरांनी बस एक हात पुढे ढकलली. टायर टेकला होता तेवढाच कोरा ठसा चुन्यात दिसला.

"हा बघा. एवढाच भाग रस्त्याला टेकतो. याला म्हणू स्पर्शक्षेत्र (टायरचा जमिनीला चिकटलेला तुकडा). पालवी, मोज."

पालवीने पट्टी लावली, गुणाकार केला. "तीनशे तेहतीस चौरस सेंटीमीटर."

"रिकाम्या गाडीचे वजन चार हजार किलो. चाके चार. म्हणजे एका चाकावर हजार किलो. दाराजवळच्या पत्र्यावर काय लिहिले आहे?"

दाराच्या आत एक लहानसा पत्रा होता. रोज शंभरदा दार उघडलं तरी तो कोणी वाचला नव्हता. एकटी कौतिकाबाई सोमवारी वाचायची. "साठ हवा," ती म्हणाली.

"साठ हवा म्हणजे आतली हवा दर चौरस सेंटीमीटरला साधारण चार किलोचा रेटा देते. हाच दाब (ठरावीक जागेवर पडणारा जोर). हजार किलो तोलायचे, तर चारने भागा. अडीचशे चौरस सेंटीमीटर जागा पुरते. आता टायरमधला दाब मोजा."

मोजला. बेचाळीस!

"बेचाळीस म्हणजे साधारण तीन किलोचा रेटा. हजार भागिले तीन?"

"तीनशे तेहतीस," पालवी हळूच म्हणाली.  चुन्यातला आकडा आणि हिशेबातला आकडा एकच होता.

"हवा कमी झाली की टायर पसरतो, कारण वजन तर तोलायचेच असते. पसरला की जास्त वाकतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत खालचे रबर दबते, वर गेले की सरळ होते. दबते, सरळ होते. एक तार आणा."

कोणीतरी कुंपणाची तार आणली. टोकटोकने ती वामनरावांच्या हातात दिली. "वाकवा. सरळ करा. तीस वेळा, पटापट. आता जिथे वाकली तिथे ओठ लावून पाहा."

वामनरावांनी तार ओठाला लावली आणि झटकन मागे घेतली. "चटका बसला!"

"ती उष्णता कुठून आली? तुमच्या हाताच्या मेहनतीतून. टायर वाकवायला जी मेहनत लागते ती गॅस करतो. त्या गॅसने गाडी पुढे जायला हवी होती, त्याऐवजी रबर गरम झाले. हा अडथळा म्हणजे लोटण-घर्षण (चाक लोळताना रबर वाकल्यामुळे लागणारी ओढ). माझ्या तळपायांना त्याचेच विव्हळणे ऐकू येत होते."

"हवेत बोलून काय होते?" मागून एक म्हातारा म्हणाला. "दाखवा."

गावाबाहेर एक उतार होता. बस दोरखंडाने वर नेली. इंजिन बंद, सिलिंडरची तोटी बंद, त्यावर वामनरावांचा स्वतःचा हात. कौतिकाबाईने नुसता ब्रेक सोडला. बस लोळत लोळत उतरली, सपाटीवर आली आणि एका सागाच्या झाडाशी थांबली. तिथे पालवीने चुन्याची रेघ ओढली. मग गॅसच्या टाकीशेजारच्या कॉम्प्रेसरने चारही चाकांत साठ हवा भरली. बस पुन्हा वर. पुन्हा ब्रेक सोडला.

बस सागाच्या झाडाशी आली. थांबली नाही. रेघेवरून पुढे गेली. लोक बाजूला पळाले. ती अशी जातच राहिली, आवाज न करता, आणि सागापासून तब्बल बावीस पावलांवर जाऊन थांबली.

 इंजिन बंद होतं. गॅस बंद होता. चोराला हात घालायला जागाच नव्हती.

आणि तेव्हाच पालवीला एकाएकी कळलं. रोज दुपारी. दहा आकडे. फुस्स्स्. सोमवारी भरायची, आणि मग मंगळवार, बुधवार, गुरुवार... दररोज थोडी थोडी कमी. चोर कोण होता? तिने स्वतःच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला अजून काळं लागलेलं होतं. हर्षा पडली ती या नखामुळे.

"मी," ती म्हणाली. "मी सोडत होते हवा." आणि रडूच कोसळलं.

कौतिकाबाईने तिला ओढून जवळ घेतलं. "तिले कोणी बोलायचं नाही! मी शिकवलं तिले. वामनभाऊ, तुम्हाले आठवते, माझा बाप ट्रक चालवायचा? मे महिन्यात भरउन्हात टायर फुटला, गाडी उलटली. सगळे म्हणाले हवा जास्त होती, उन्हानं फुगली. तेव्हापासून मी उन्हाळ्यात हवा कमी ठेवते. लेकरं बसतात ना गाडीत. लेकरांसाठीच करत होते मी."

टोकटोक कौतिकाबाईजवळ सरकला. मग अगदी हळू म्हणाला, "आत्याबाई, हे सांगायला मला जड जात आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो. जास्त वाकला की जास्त तापतो. तापून तापून आतले थर सुटतात. उन्हात टायर फुटतात ते बहुतेक वेळा कमी हवेचे असतात. आज गाडी बंद पडली, तेव्हा मी तुमच्या टायरला पाय लावला. भाकरीच्या तव्यासारखा होता."

कौतिकाबाई जागच्या जागी खाली बसली. मातीतच. बारा वर्षं ज्या भीतीपासून ती पोरांना लांब ठेवत होती, त्याच भीतीकडे ती स्वतःच गाडी हाकत होती.  पालवीने आत्याला कधी अशी पाहिली नव्हती.

 पण वामनराव मुळातले कडक. "ठीक आहे. उतारावर गेली. पण खरी गोष्ट रस्त्यावर. उद्या शनिवार, चोराचा सगळ्यात मोठा दिवस. उद्या बासष्ट किलोमीटर पुरे करून दाखवा. सिलिंडरशेजारी मी बसतो. लेकरं नकोत, त्यांच्या वजनाची रेती भरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये सव्वीस पोती रेती भरली. पोरांनी प्रत्येक पोत्यावर खडूने आपापलं नाव लिहिलं, आणि मागच्या बाकावरचं सगळ्यात लठ्ठ पोतं कोणाचं यावरून मारामारी झाली. टोकटोकने सांगितलं, "हवा नेहमी सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. पळून आलेला टायर खोटे सांगतो." साठ. चारही चाकं साठ. बसमध्ये चौघंच होते: कौतिकाबाई, पालवी, टोकटोक आणि सिलिंडरला टेकलेले वामनराव.

जाताना काही झालं नाही. शिवणपेठेला शेडखाली बस दुपारपर्यंत उभी ठेवली, रोजच्यासारखी. बारा वाजता निघायच्या आधी पालवीने दाब मोजला आणि तिच्या हातातलं मापक सुटता सुटता राहिलं.

"आत्या! सदुसष्ट झाली!"

कौतिकाबाईने स्टिअरिंगवरचे हात काढले. "सोड. थोडी सोड पालू. पाचच आकडे."

पालवी चाकाशी बसली. पिन तिच्या नखाखाली होती. डोळ्यांसमोर उलटलेला ट्रक होता, जो तिने कधी पाहिलाच नव्हता. तिने टोकटोककडे पाहिलं. मग नजर टायरवर आणली.

तिने टायरच्या बाजूवरची धूळ हाताने पुसली. तिथे रबरातच अक्षरं आणि आकडे कोरलेले होते. "आत्या, इथं लिहिलंय. टायर थंड असताना ऐंशीपर्यंत भरली तरी तो पेलतो. ज्यांनी बनवला त्यांना ऊन माहीत होतं. दुपारी सात-आठ वाढणार हे धरूनच साठ सांगितलंय. आता सोडली तर उद्या सकाळी पुन्हा कमीच होईल."

"फुटली तर?"

"कालच्या बेचाळीसला फुटली असती आत्या. आजच्या सदुसष्टला नाही."  तिने पिनवरून नख उचललं आणि तोटीचं टोपण घट्ट लावलं.

कौतिकाबाईने गाडी सुरू केली. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. रस्ता पाण्यासारखा हलत होता. पहिले दहा किलोमीटर झाले. प्रत्येक खड्ड्याला पालवी डोळे मिटायची. वीस झाले. टोकटोक फरशीवर पाय पसरून बसला होता. "विव्हळत नाही," तो म्हणाला. "गुणगुणत आहे."

शनिवारची जागा आली, गाव पाच किलोमीटर असतानाची. बस पुढे गेली. शुक्रवारची आली, गेली. गुरुवारची. बुधवारची. वामनराव सिलिंडरवरचा काटा आणि बाहेरचे मैलाचे दगड आळीपाळीने बघत होते, जणू दोघांपैकी एक त्यांना फसवतोय. मंगळवारची जागा मागे पडली, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "अरे बाप्पा!"

बस समाजमंदिरासमोर येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. सिलिंडरमध्ये पाव किलो गॅस शिल्लक होता.

आणि मीटर? मीटर दाखवत होता एकोणसाठ!

"हे कसं?" वामनराव म्हणाले. "रस्ता बासष्टचा. मीटर एकोणसाठ कसा?"

"मीटर किलोमीटर मोजत नाही," टोकटोक म्हणाला, "चाकाच्या फेऱ्या मोजतो. एका फेरीत किती अंतर जाते हे त्याला कारखान्यात शिकवलेले असते. आत्याबाई, तुम्ही टायर बदललेत का?"

कौतिकाबाई खजील झाली. "होळीच्या आधी. नाल्यातले दगड खाली लागत होते, म्हणून मोठे, रुंद बसवले. गाडी उंच झाली. दिसतेही झकास."

"मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर जाते. मीटर बिचारा जुन्या मापाने मोजतो, म्हणून कमी दाखवतो. त्याने चोराचा संशय आणखी वाढवला. शिवाय मोठा, रुंद टायर जड असतो. थांबलेल्या गाडीला पुन्हा वेग देताना तो फिरवायला जास्त जोर लागतो. हिवाळ्यातला उरलेला पाऊण किलो बराचसा त्यानेच खाल्ला. आधीच्या उन्हाळ्यांत तोच पाऊण किलो कमी हवेची भरपाई करत होता, म्हणून गाडी यंदाच अडली."

"म्हणजे चोर एक नव्हताच," पालवी म्हणाली. "सगळे मिळून थोडं थोडं खात होते."

"आणखी एक आहे. पुढचा डावा टायर आतल्या कडेने झिजला आहे. तो किंचित तिरका पळतो. चाकजुळणी (सगळ्या चाकांनी एकाच दिशेला सरळ तोंड करणे) बिघडली आहे. एक पाय वाकडा टाकत चालणारा माणूस लवकर दमतो, तसेच."

वामनरावांनी खिशातून बसची दुसरी चावी काढली, जी त्यांनी कालच मागून घेतली होती. ती त्यांनी कौतिकाबाईच्या हातात ठेवली.  मग म्हणाले, "कौतिकाबाई, मी चुलीवर येऊन पाहायला पाहिजे होतं. न पाहताच बोललो."

"मग आता या," ती म्हणाली. "चहा पाजते. लाकडावरचा."

जुने टायर शेळ्यांच्या गोठ्यात गव्हाणीसारखे आडवे पडले होते. त्यांच्या नक्षीची खोली अजून चांगली होती. रविवारी अख्ख्या गावाने हात लावला आणि ते बसला चढवले. मोठे टायर ट्रॉलीला गेले. नाल्यातले दगड पोरांनी पहार घेऊन उचलले, कारण दगडासाठी टायर बदलण्यापेक्षा दगड बदलणं सोपं. शिवणपेठेच्या गॅरेजमध्ये चाकं सरळ करून घेतली. दाराच्या पत्र्यावरचा आकडा पालवीने पिवळ्या रंगाने मोठा करून लिहिला, आणि सकाळी मोजल्याशिवाय गाडी हलायची नाही असा नवा नियम झाला. फक्त मोजायचं. दुपारी पिनला हात नाही.

पुढच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार बस रोज गावात पोचली, आणि रोज पाऊण किलो गॅस उरला. शनिवारी पालवी वही घेऊन वामनरावांकडे गेली.

"काका, पाऊण किलोत पाच किलोमीटर होतात."

"बरं, मग?"

"मेंढेटोला इथून दोन किलोमीटर आहे. जाऊन-येऊन चार. तिथली सात पोरं शाळेत जातच नाहीत, कारण बस त्यांच्याकडे जात नाही. सात पोरांचं वजनही धरलंय मी. पुरतं."

वामनरावांनी वही उलटसुलट पाहिली. "वजन धरलं?"

"हो. आणि तरी थोडा उरतो."

सोमवारी सकाळी साडेपाचला बस पहिल्यांदाच गावाच्या पुढच्या वळणावर वळली. रस्ता कच्चा होता, कौतिकाबाई सावकाश चालवत होती. टोकटोक फरशीवर पाय पसरून ऐकत होता. मेंढेटोल्याच्या तोंडाशी सात पोरं नवे कपडे घालून, तेल लावून रांगेत उभी होती. बस थांबली तरी कोणी चढेना. सगळ्यात लहान पोराने चाकाकडे बघत विचारलं, "ही खरंच आमच्यासाठी आली?"

"तुमच्यासाठीच," पालवी दार उघडत म्हणाली. "चढा लवकर. आज पहिला तास विज्ञानाचा आहे."